कुमारीजन्म आणि विवाहाची प्रतिष्ठा : ख्रिस्ती मतभेदांची पार्श्वभूमी

येशू ख्रिस्त कुमारी मरीयेच्या पोटी जन्मला, हे विधान ख्रिस्ती धर्माच्या जवळजवळ सर्व शाखांच्या मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कथनात, आढळते, परंतु त्याचा अर्थ सर्वांनी एकसारखा लावलेला नाही. काहींच्या मते त्यातून एवढेच सांगायचे आहे की मरीयेला पुरुषसंबंधाशिवाय गर्भ राहिला. काहींच्या मते प्रसूतीच्या क्षणीही तिचे कौमार्य अबाधित होते आणि नंतर आयुष्यभर ते तसेच राहिले. या मतभेदाकडे केवळ देहशास्त्रीय चमत्काराचा वाद म्हणून पाहिले, तर तो पंधराशे वर्षे एवढ्या आवेशाने का चालला, हे उमगत नाही. मरीया आणि योसेफ यांचा संसार कसा होता, हा प्रश्न विचारणारे लोक प्रत्येक वेळी विवाहाची किंमत काय, हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारत होते, असे या इतिहासाकडे पाहताना वाटते.

आरंभी एक नेहमीचा गोंधळ दूर करायला हवा. 1854 मध्ये पोप नववे पायस यांनी घोषित केलेला 'निष्कलंक गर्भसंभव' हा सिद्धांत येशूच्या जन्माविषयी नाही. मरीया स्वतः तिच्या आईच्या उदरात आली त्या क्षणापासून मूळ पापाच्या, म्हणजे आदामापासून सर्व माणसांना वारशाने येणाऱ्या पापाच्या, डागापासून मुक्त होती, असे तो सांगतो. कुमारीजन्माशी त्याची सरमिसळ सुशिक्षित ख्रिस्ती वाचकही करतात, म्हणून हा खुलासा.

नव्या करारात कुमारी गर्भधारणेचे स्पष्ट कथन फक्त मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रग्रंथांत) आहे. मार्क आपली कथा येशूच्या बाप्तिस्म्यापासून सुरू करतो, योहानाच्या शुभवर्तमानात जन्मकथा नाही, आणि या सर्वांच्या आधी लिहिणारा पौल गलतीकरांस पाठवलेल्या पत्रात येशू 'स्त्रीपासून जन्मलेला' होता, एवढेच म्हणतो. मत्तय यशया संदेष्ट्याच्या 'कुमारी गर्भवती होईल आणि पुत्राला जन्म देईल' या वचनाचा आधार घेतो. तेथे मूळ हिब्रू शब्द 'आल्मा' असा आहे आणि त्याचा अर्थ तरुण स्त्री असा होतो. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी 'पार्थेनॉस' हा शब्द योजला आणि त्यात कौमार्याचा अर्थ अधिक ठळक झाला. मराठीतील 'कुमारी' हा शब्दही अविवाहित मुलगी आणि अक्षतयोनी स्त्री या दोन्ही अर्थांच्या मध्ये असाच हेलकावत असतो, त्यामुळे या पेचाची कल्पना मराठी वाचकाला वेगळी करून द्यावी लागत नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहिलेल्या संवादात ट्रायफो हा यहुदी पात्र नेमका हाच आक्षेप घेतो. येशूला मसीहा मानणाऱ्या एबियोनी पंथातील काही जण तर तो योसेफ आणि मरीया यांचा नैसर्गिक पुत्र होता असेच मानत.

येथे विवाहाचा मुद्दा सुरुवातीपासूनच गुंतलेला आहे. मत्तय आणि लूक या दोघांनीही दिलेली वंशावळ योसेफामार्फत दावीद राजापर्यंत जाते. योसेफ जन्मदाता नसेल, तर येशूचे दावीदाच्या घराण्याशी असलेले नाते त्याच्या मरीयेशी झालेल्या विवाहावरच उभे राहते. म्हणजे कौमार्यावर जितका भर द्यावा, तितके तो विवाह खरा होता हे सिद्ध करणे आवश्यक ठरते. त्या काळच्या यहुदी रीतीत वाग्दान हे नुसते वचन नव्हते. ते मोडण्यासाठी सूटपत्र द्यावे लागे, आणि म्हणूनच मरीया गरोदर असल्याचे कळल्यावर योसेफ तिला गुपचूप सोडण्याचा विचार करतो, असे मत्तय लिहितो.

पुढचा वाद मत्तयाच्याच एका वाक्यावरून पेटला. मरीयेने पुत्राला जन्म देईपर्यंत योसेफाने तिच्याशी संबंध ठेवला नाही, असे तो म्हणतो. मग त्यानंतर ठेवला का? मार्कच्या शुभवर्तमानात याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन ही येशूच्या भावांची नावे येतात आणि बहिणींचाही उल्लेख आहे. हे भाऊ कोण, याची तीन उत्तरे प्राचीन काळीच दिली गेली. पहिले सरळ उत्तर असे, की ती योसेफ आणि मरीया यांना पुढे झालेली मुले होत. दुसरे उत्तर दुसऱ्या शतकातील एका अप्रमाण, म्हणजे बायबलात न घेतलेल्या, शुभवर्तमानातून आले. त्यात योसेफ हा मुलेबाळे असलेला वृद्ध विधुर आहे आणि मरीयेचा तो पती कमी, रक्षक अधिक आहे. सायप्रसचा बिशप एपिफेनियस याने चौथ्या शतकात या मताचा जोरदार पुरस्कार केला आणि पौर्वात्य चर्चमध्ये ते आजही रूढ आहे. तिसरे उत्तर जेरोम या लॅटिन धर्मपंडिताचे.

383 च्या सुमारास रोममध्ये हेल्व्हिडियस नावाच्या माणसाने मत्तयाचे ते 'देईपर्यंत' आणि भावांचे उल्लेख पुढे करून असे प्रतिपादन केले, की येशूनंतर मरीयेने योसेफाबरोबर चारचौघींसारखा संसार केला आणि त्यात कमीपणा काहीच नाही. या मतासाठी तो टर्टुलियन या आधीच्या ख्रिस्ती लेखकाचा आधार घेत होता, आणि तो आधार खोटा नव्हता. येशूचे शरीर आभासी होते असे मानणाऱ्यांना उत्तर देताना टर्टुलियनने मरीयेची प्रसूती आणि संसार ही दोन्ही इतर स्त्रियांसारखीच मानली होती. जेरोमने हेल्व्हिडियसला जे उत्तर दिले, त्यातील व्याकरणाचा भाग आजही वाचनीय आहे. 'पर्यंत' म्हटल्याने नंतर उलट घडले असे सिद्ध होत नाही, हा त्याचा मुद्दा. शौलाची मुलगी मीखल हिला मरेपर्यंत मूल झाले नाही, असे शास्त्रात लिहिले आहे. मेल्यानंतर झाले असेल असे कोणी म्हणत नाही. भाऊ म्हणजे चुलत-मावस भाऊ, दुसऱ्या एका मरीयेचे पुत्र, असे त्याने ठरवले आणि एक पाऊल पुढे जाऊन योसेफही आजन्म ब्रह्मचारीच होता, असे सांगितले. त्या आधी असे म्हणणारे फारसे कोणी आढळत नाही.

जेरोमला मरीयेपुरते बोलायचे नव्हते. रोममधील खानदानी स्त्रिया त्या काळात संसार नाकारून व्रतस्थ जीवन पत्करत होत्या आणि त्यांचा मार्गदर्शक तोच होता. विवाहाची मी स्तुती करतो ती त्यातून कुमारिका जन्मतात म्हणून, असे तो एका पत्रात लिहून गेला आहे. काही वर्षांनी जोव्हिनियनने हीच नस पकडली. हा स्वतः संन्यस्त होता आणि अखेरपर्यंत अविवाहित राहिला. पण कुमारिका, विधवा आणि विवाहिता यांनी बाप्तिस्मा घेतला असेल आणि इतर आचरणात फरक नसेल, तर देवापुढे तिघींचे पुण्य सारखेच, असे त्याचे म्हणणे होते. त्याचबरोबर प्रसूतीत मरीयेचे कौमार्य अभंग राहिले हे त्याने नाकारले. दोन्ही मते एकाच माणसाच्या तोंडी यावीत, हा योगायोग नव्हे. पोप सिरिसियस आणि मिलानचा बिशप अँब्रोज या दोघांनीही त्याला बहिष्कृत केले. 393 मध्ये जेरोमने त्याच्यावर दोन खंड लिहिले आणि पेरणाऱ्याच्या दृष्टान्तातील शंभरपट पीक कुमारिकांना, साठपट विधवांना आणि तीसपट विवाहितांना वाटून टाकले. त्याची भाषा इतकी कडवट होती, की रोममधील त्याच्या मित्रांनी प्रती परत गोळा करण्याची धडपड केली.

विवाहाला कमी लेखण्याचे टोक मात्र चर्चला कधीच मान्य नव्हते, हेही लक्षात घ्यावे लागते. पौलाने करिंथकरांना एकटे राहणे बरे असे सुचवले, तरी लग्न करण्यास मनाई करणाऱ्यांचा निषेध तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातच आहे. दुसऱ्या शतकात मार्सियनने आपल्या अनुयायांना विवाह वर्ज्य केला, तेव्हा त्याला पाखंडी ठरवण्यात आले. चौथ्या शतकात गँग्रा येथील धर्मसभेने विवाहाची निंदा करणाऱ्यांना शाप दिलाच, शिवाय स्वतः कौमार्यव्रत पाळून विवाहितांपुढे तोरा मिरवणाऱ्यांनाही दिला.

या कोंडीतून वाट काढण्याचे काम उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन याने केले. विवाहावर चिखलफेक केल्याशिवाय जोव्हिनियनला उत्तर देता येत नाही, असे लोक बोलू लागले होते. ते खोडून काढण्यासाठी त्याने 401 च्या सुमारास विवाहाचे तीन गुण मांडले : संतती, परस्परनिष्ठा आणि अतूट पवित्र बंधन. मरीया आणि योसेफ यांच्या विवाहात हे तिन्ही आहेत, असे त्याचे म्हणणे. संतती येशू, निष्ठा व्यभिचाराच्या अभावात, बंधन घटस्फोटाच्या अभावात. देहसंबंध तेवढा नव्हता. मात्र याच ऑगस्टीनने मूळ पापाचा वारसा कामवासनेतून पुढे जातो असे सांगितल्याने, येशूचा जन्म पुरुषसंबंधाविना होणे हे निष्पापतेचेही कारण ठरले. विवाह चांगला, पण त्यातील शरीरसंबंधावर पापाची छाया, हे द्वंद्व पाश्चात्य चर्चमध्ये पुढे दीर्घकाळ राहिले.

पूर्वेकडील प्रवास पुष्कळ अंशी वेगळा झाला. 381 च्या मतांगिकारात पवित्र आत्मा आणि कुमारी मरीया यांच्यापासून देहधारण झाल्याचा उल्लेख आला, 431 मध्ये इफिस येथील धर्मसभेने मरीयेला 'देवमाता' म्हटले, आणि 553 च्या दुसऱ्या कॉन्स्टँटिनोपल धर्मसभेच्या ठरावांत 'सदाकुमारी' हे विशेषण आले. तरीही तेथे मरीयेच्या नित्यकौमार्यावरील श्रद्धेतून सर्व धर्मगुरूंवर अविवाहितपणा लादला गेला नाही. 692 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या त्रुल्लो सभेने दीक्षेपूर्वी लग्न झालेल्या पुरोहिताला पत्नीसह संसार करण्याची मुभा कायम ठेवली आणि ब्रह्मचर्याची अट बिशपांपुरती ठेवली. पश्चिमेत 1139 च्या दुसऱ्या लॅटरन सभेने वरिष्ठ पदांची दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूंचे विवाह सरळ अवैध ठरवले.

मध्ययुगातील कायदेपंडितांपुढे मग एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. विवाह कशाने होतो? बाराव्या शतकात ग्रेशियनच्या मांडणीप्रमाणे वाग्दानाने विवाहाची सुरुवात होते आणि देहसंबंधाने तो पूर्ण होतो. हे मान्य केले, तर मरीया आणि योसेफ यांचा विवाह अपुराच राहतो. म्हणून पीटर लोम्बार्ड आणि पॅरिसच्या पंडितांनी 'मी आता तुला स्वीकारतो' अशी वर्तमानकाळात दिलेली परस्परसंमती हेच विवाहाचे सार मानले, आणि पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या निर्णयांतून तेच मत प्रस्थापित झाले. वडीलधाऱ्यांच्या परवानगीविना, साक्षीदारांविना, केवळ दोघांच्या शब्दांवर लग्न वैध ठरू लागले, त्यामागे नाझरेथच्या त्या दांपत्याचा आदर्श होता. त्याचे व्यावहारिक परिणाम भयंकर झाले; चोरून केलेल्या आणि नंतर नाकारलेल्या लग्नांचे खटले धर्मन्यायालयांत साचत गेले. अखेर 1563 मध्ये ट्रेंट धर्मसभेने स्थानिक धर्मगुरू आणि निदान दोन साक्षीदार यांची उपस्थिती बंधनकारक केली.

धर्मसुधारणेच्या काळाविषयी एक समज सर्वत्र आढळतो, की प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी मरीयेचे नित्यकौमार्य लगेच टाकून दिले. वस्तुस्थिती तशी नाही. ल्यूथर आणि झ्विंग्ली दोघेही ते मानत राहिले. कॅल्व्हिननेही हेल्व्हिडियसचा निष्कर्ष घाईचा ठरवला आणि या प्रश्नावर हट्टाने वाद घालू नये असे सुचवले. त्यांनी तोडला तो या श्रद्धेचा ब्रह्मचर्याच्या श्रेष्ठत्वाशी असलेला धागा. ल्यूथरने 1520 मध्ये विवाह हा संस्कार, म्हणजे देवाची कृपा देणारा पवित्र विधी, असल्याचे नाकारले, कारण इफिसकरांस पत्रातील 'रहस्य' या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे लॅटिन भाषांतर 'साक्रामेंतुम' (संस्कार) असे झाल्याने तो भ्रम निर्माण झाला, असे त्याचे म्हणणे होते. 1525 मध्ये त्याने मठ सोडून आलेल्या कॅथरीना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. ट्रेंटने उलट, कौमार्यापेक्षा विवाहित अवस्था श्रेष्ठ आहे असे म्हणणाऱ्याला शाप दिला. धर्मगुरूचे घर, पत्नी आणि मुले हाच ख्रिस्ती जीवनाचा आदर्श ठरल्यावर मरीयेला आणखी मुले होती हे मत प्रोटेस्टंटांना पुढे सहज पटू लागले, यात नवल नाही.

एकोणिसाव्या शतकात विवाहाविषयी दोन टोके दिसतात. शेकर या ख्रिस्ती पंथाने सर्वच सभासदांना ब्रह्मचर्य बंधनकारक केले होते. मॉर्मन चर्चमध्ये 1843 च्या साक्षात्कारानुसार विवाह अनंतकाळासाठी बांधला जातो आणि सर्वोच्च स्वर्गीय पदासाठी तो आवश्यक मानला जातो. त्यातील बहुपत्नीत्व 1890 च्या जाहीरनाम्याने थांबवण्यात आले. मॉर्मन ग्रंथात मरीयेला कुमारीच म्हटले आहे, पण त्या चर्चचा पुढारी ब्रिगहॅम यंग याने 1852 च्या प्रवचनात येशू पवित्र आत्म्यापासून उत्पन्न झाला नाही असे सांगितल्याने इतर ख्रिस्ती त्या पंथावर आजही आक्षेप घेतात.

विसाव्या शतकात वाद पुन्हा मूळ चमत्काराकडे वळला. 1910 मध्ये अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन महासभेने ज्या पाच गोष्टी अनिवार्य ठरवल्या, त्यांत कुमारीजन्म होता. 1924 मध्ये त्याच चर्चच्या 1,200 हून अधिक धर्मगुरूंनी अशा सक्तीला विरोध करणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. 1952 च्या नव्या इंग्रजी बायबलात यशयाच्या वचनात 'तरुण स्त्री' असे छापले गेले, तेव्हा एका पाळकाने ते पान जाहीरपणे जाळले. इंग्लंडच्या चर्चच्या सिद्धांत आयोगाने 1938 मध्येच कुमारीजन्म हा इतिहास मानणारे आणि न मानणारे असे दोन्ही मतांचे लोक आपल्यात आहेत असे नोंदवले होते. या वादात विवाहाचा प्रश्न मागे पडलेला दिसतो.

कॅथलिक चर्चमध्ये तो मागे पडलेला नाही. 1989 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी योसेफावर काढलेल्या पत्रात ऑगस्टीनचाच आधार घेऊन असे लिहिले, की योसेफाचे पितृत्व मरीयेशी झालेल्या त्याच्या विवाहावर उभे आहे. मात्र त्याच पोपांनी 1983 मध्ये जारी केलेल्या धर्मविधानात, बाप्तिस्मा झालेल्या दोघांमधील वैध विवाह शरीरसंबंधाने पूर्ण झाला नसेल, तर योग्य कारणासाठी पोप तो विसर्जित करू शकतात, ही जुनी तरतूद कायम आहे. ग्रेशियन आणि लोम्बार्ड दोघेही त्या संहितेत शेजारी शेजारी नांदत आहेत.