सांबराची गोळी कोणी ठरवली? मोठ्या बोअरच्या रायफलींची पार्श्वभूमी

कोयनेचं खोरं, महाबळेश्वरचं रान आणि चांदोलीचे डोंगर या पट्ट्यात भेकर, सांबर आणि गवा एकाच जंगलात फिरतात. भेकर वीस-पंचवीस किलोचं, मोठा सांबर नर अडीचशे किलोंच्या आसपास, आणि पूर्ण वाढलेला गवा त्याच्या तिप्पट. खांद्यावर एकच रायफल घेऊन निघणाऱ्याला तिघांनाही पुरेल अशी गोळी हवी असे, आणि अशी गोळी त्या काळी नव्हती. गव्यासाठी बनवलेली जड, टणक गोळी हरणातून न फुलता, म्हणजे टोक न पसरता, आरपार जाते. हरणासाठी बनवलेली मऊ गोळी गव्याच्या खांद्यावरच फुटते. जुन्या शिकाऱ्यांमध्ये ‘सॉफ्ट’ (मऊ, फुलणारी) की ‘सॉलिड’ (टणक, न फुलणारी) यावर जे वाद झाले, ते सगळे इथून सुरू होतात. मात्र सातारा-सांगलीकडे ही निवड बहुतेक वेळा शिकाऱ्याच्या हातात नव्हती. ती कायद्याने आणि आयातीच्या धोरणाने आधीच होऊन गेलेली असे.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात निवडीला फारसा वावच नव्हता. शिशाची गोल गोळी, मागे काळी दारू, आणि जवळ जाऊन बार. १८५७ पासून नि:शस्त्रीकरण सुरू झालं. त्याच वर्षी मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी हत्यारं देण्याला विरोध म्हणून उठाव केला आणि तो चिरडला गेला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा झाला. तेव्हापासून रायफल म्हणजे इंग्रज अधिकारी, संस्थानिक आणि मोजके सरदार-इनामदार, असं गणित पक्कं झालं.

पुढे काळ्या दारूच्या ‘एक्स्प्रेस’ रायफली आल्या. .४५०, .५००, .५७७ या त्यांच्या बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचांत. वेग वाढवण्यासाठी गोळी हलकी केली आणि नाकात पोकळी ठेवली. चितळासारख्या जनावरावर ती विजेसारखी काम करी, पण सांबराच्या खांद्याच्या हाडावर पडली की वरच्यावर फुटून मोठी, उथळ जखम करी. त्याच काळात सिलोन आणि आफ्रिकेत आयुष्य घालवलेला एक इंग्रज शिकारी लिहीत होता की पोकळ गोळी टाकून द्या आणि .५७७ मधून शुद्ध शिशाची भरीव गोळी वापरा. मऊ असल्यामुळे ती फुलेल, आणि जड असल्यामुळे खोल जाईल. त्याचं म्हणणं आजही खोडता येत नाही.

मग कॉर्डाइट, म्हणजे बिनधुराची दारू, आली. धूर गेला, वेग दोन हजार फुटांच्या पुढे गेला आणि उघडं शिसं त्या वेगाला नळीत टिकेना. म्हणून गोळीला धातूचं कवच चढवलं. लष्कराच्या .३०३ ची अशी पूर्ण कवचाची गोळी माणसाच्या आरपार जाई आणि तो तरीही चालून येई, अशी तक्रार १८९५ च्या चित्रळ मोहिमेतून आली. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात गोळीचं टोक कवचाबाहेर उघडं ठेवलं गेलं. १८९९ मध्ये हेग इथे फुलणाऱ्या गोळीवर युद्धापुरती बंदी घालणारा जाहीरनामा झाला. शिकारीत मात्र हीच रचना ‘सॉफ्ट नोज’ म्हणून कायम राहिली आणि ती राहायलाच हवी होती. हरणाच्या फुप्फुसात गोळी अळंबीसारखी फुलली तर जनावर काही पावलांत पडतं. न फुललेली गोळी बोटाएवढं भोक पाडून निघून जाते. कातडी सरकते, रक्त बाहेर कमी येतं, सांबर कारवीच्या गचपणात शिरतं आणि उताराने पाण्याकडे जातं. हाका करणारी माणसं अंधार पडेपर्यंत माग काढत राहतात आणि जनावर रात्रभर तडफडून मरतं. सॉफ्ट की सॉलिड या प्रश्नाचा खरा अर्थ एवढाच आहे.

मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो निर्णय झाला, ज्याने आपल्याकडच्या मोठ्या रायफलींचं सगळं चित्र बदललं. हिंदुस्थान सरकारने .४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसं यांची आयात बंद केली. सुदानसाठीही तसाच हुकूम निघाला. कारण वायव्य सरहद्दीवर होतं. १८७१ ची मार्टिनी-हेन्री रायफल लष्कराने बाजूला ठेवली होती, पण सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे ती मोठ्या संख्येने होती. मार्टिनीची गोळी ४८० ग्रेनची आणि शिकारीच्या नव्या .४५० नायट्रो एक्स्प्रेसची (कॉर्डाइटवरच्या एक्स्प्रेसची) गोळीही ४८० ग्रेनचीच, म्हणजे साधारण ३१ ग्रॅम, अडीच तोळ्यांहून जास्त. शिकाऱ्याची काडतुसं टोळ्यांच्या हाती गेली तर काय, अशी भीती होती.

बंदीच्या बाजूने एक मुद्दा नक्कीच होता. काडतूस उकलून त्यातली गोळी आणि दारू दुसरीकडे भरता येते. पण शिकारीचं काडतूस मार्टिनीच्या नळीतल्या काडतुसाच्या घरात बसतच नव्हतं. ते सव्वातीन इंच लांब आणि सरळ होतं, तर मार्टिनीचं आखूड आणि मानेला आवळलेलं. शिवाय कोहाटच्या खिंडीत दर्रा आदमखेलच्या कारागिरांकडे बंदुका बनत होत्या, आणि मस्कतहून मकरानच्या किनाऱ्यावर चोरटी हत्यारं उतरत होती. तिथल्या माणसाला महाबळेश्वरच्या उन्हाळी मुक्कामातल्या साहेबाच्या किंवा औंध, फलटण, जत, मिरज, सांगलीच्या संस्थानी शस्त्रागारातल्या दोन डझन काडतुसांची गरज नव्हती. खैबरचा प्रश्न सोडवताना दख्खनच्या शिकाऱ्याला शिक्षा झाली, असंच या निर्णयाबद्दल म्हणावं लागतं. बंदीचं समर्थन करणारे ‘खबरदारी’ हा शब्द वापरतात. त्या खबरदारीने सरहद्दीवरची एक तरी बंदूक गप्प केली का, हे त्यांनी सांगायला हवं.

परिणाम लगेच दिसले. इंग्लंडच्या बंदूककारांनी .४५० ला बगल देणाऱ्या नव्या बोअर काढल्या: .४६५, .४७०, .४७५, .४७६. सगळ्यांची गोळी ४८० ते ५२० ग्रेनच्या घरात, वेग सेकंदाला २१५० फुटांच्या आसपास. गव्याला त्यांच्यात फरक कळला नसता. फरक पडला तो काडतुसांच्या पुरवठ्यात. एका बोअरची मागणी चार-पाच बोअरमध्ये वाटली गेली, आणि एका रायफलीची काडतुसं दुसरीत चालेनात. ज्याच्याकडे जुनी .४५० होती, त्याच्यापुढे शिल्लक साठा जपून वापरणं किंवा नळी बदलून घेणं एवढाच मार्ग उरला. अशा टंचाईत माणूस गोळी निवडत नाही, मिळेल ती घेतो. गव्यासाठी आणलेलं सॉलिड सांबरावर झाडलं जाण्यामागे टंचाई हे एक मोठं कारण आहे. त्याला शिकाऱ्याचं अज्ञान म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पर्याय वाढले. अमेरिकेची .४०५ आली, ३०० ग्रेनची. जर्मनीची १०.७५ मिलिमीटरची माउझर आपल्याकडे .४२३ म्हणून ओळखली गेली. तिची ३४७ ग्रेनची गोळी जाडीच्या मानाने आखूड, त्यामुळे खोल जाण्यात कमी पडे आणि मोठ्या जनावरावर ती बदनाम झाली. पण सॉफ्ट नोज घालून खांद्यामागे मारली तर सांबराला ती भरपूर होती. १९१२ ची .३७५ मॅग्नम सगळ्यात शहाणी: २३५, २७० आणि ३०० ग्रेन अशी तीन वजनं एकाच रायफलीत. सांबराला २७० ग्रेनचं सॉफ्ट, गव्याला ३०० ग्रेनचं सॉलिड. मूळ प्रश्नाला त्यातल्या त्यात जवळचं उत्तर हेच होतं.

लष्करी बोअर नागरिकांना नको हे धोरण .३०३ लाही लागू झालं आणि त्यातून .३१५ आली, म्हणजे ८ मिलिमीटर, २४४ ग्रेनची गोळी. स्वातंत्र्यानंतर ती देशातच लष्करी एनफिल्ड रायफलीच्या बनावटीवर तयार होऊ लागली. काडतुसं खडकीच्या कारखान्यात बनत, साताऱ्यापासून एका दिवसाच्या अंतरावर. मोठ्या बोअरचा जमाना तिथेच ओसरला. गावोगावी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरच्या छऱ्यांच्या बंदुका होत्या. त्यांतून एलजी, म्हणजे मोठे, छर्रे सांबरावर झाडले जात आणि जखमी होऊन निसटलेल्या जनावरांचा हिशेब कोणी ठेवला नाही. युद्धानंतर स्वस्तात निघालेल्या जीप आणि त्यांवरचे प्रखर दिवे यांनी उरलेलं काम केलं. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी कायद्याने परवाने आणि बंद हंगाम घातले, १९७२ च्या केंद्रीय कायद्याने विळखा आवळला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेली दारंही बंद केली. कोयना आणि चांदोली १९८५ मध्ये अभयारण्यं झाली, चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. आता सांबर हे वाघाचं भक्ष्य आहे, आणि तसंच असायला हवं.

गोळीचं शास्त्र मात्र आपल्याकडची शिकार थांबल्यावर पुढे गेलं. १९४० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत मधे आडवी भिंत असलेली गोळी निघाली. पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून खोल जातो. पुढे शिसं आणि कवच एकजीव केलेल्या गोळ्या आल्या आणि १९८० च्या दशकाअखेरीस संपूर्ण तांब्याची गोळी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वादाचं हे उत्तर त्यांना मिळालं असतं, तर कारवीत हरवलेली कितीतरी सांबरं जागीच पडली असती. शिशाचे कण मांसात राहतात आणि अवशेष खाणाऱ्या पक्ष्यांना मारतात, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी घातली. डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलींच्या बाबतीतही तेच केलं.

सांबराच्या गोळीचा वाद आज कायदेशीरपणे चालतो तो ऑस्ट्रेलियात. व्हिक्टोरियात १८६० च्या दशकात सोडलेली सांबरं तिथल्या डोंगरांत पसरली आहेत. तिथला नियम किमान .२७० बोअर आणि किमान १३० ग्रेनची गोळी असा आहे, म्हणजे आपल्या .४७० च्या गोळीच्या जवळपास एक चतुर्थांश वजन. एवढी हलकी गोळी पुरते, कारण ती योग्य वेगाने जाते आणि योग्य जागी फुलते. साताऱ्या-सांगलीच्या वाड्यांतल्या जुन्या दुनळी रायफलींपुढे आता वेगळाच प्रश्न आहे. १९८० च्या दशकात आयात आटल्यापासून त्यांची काडतुसं मिळेनाशी झाली. वारसांना परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागते.