संगीत नाटकाची रसिकमंडळी (सांगली–मिरज)

संगीत नाटके नेमाने पाहणाऱ्या, पाहिलेल्या प्रयोगाची हकिगत दुसऱ्या दिवशी एकमेकांना सांगणाऱ्या आणि त्याच ओघात घरचे, दारचे सगळे बोलून घेणाऱ्या प्रेक्षकांचे सांगली, मिरज व आसपासच्या गावांतील अनौपचारिक गट. या गटांना घटना, वर्गणी किंवा अध्यक्ष नसतो. नाटक बसवणाऱ्या हौशी संस्थांपासून ते वेगळे आहेत, जरी माणसे बरीचशी तीच असली तरी. नाटक पाहून आल्यावर त्याविषयी बोलणे, हेच त्यांचे काम.

अशी मंडळी कधीपासून जमू लागली, हे संगीत नाटकाचा आरंभ कोठे धरायचा यावर अवलंबून आहे आणि वाद नेमका तेथेच आहे. सांगलीत सर्वमान्य तारीख 5 नोव्हेंबर 1843 ही आहे. त्या दिवशी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला. हाच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर कानड्याकडील भागवत मंडळी सांगलीस खेळ करून गेली होती आणि तसेच काही मराठीत करावे अशी आज्ञा राजेसाहेबांनी भाव्यांना केली, असा वृत्तांत बहुतेक सर्व इतिहासग्रंथांत येतो. भाव्यांनी या खेळांतून कितपत उचल केली याविषयी एकवाक्यता नाही. काहींच्या मते हा यक्षगानाचा, म्हणजे कानडी मुलखातील गाण्या-नाचाच्या पौराणिक खेळाचा, मराठी अवतार होता; काहींना त्यात दशावतार, ललित (उत्सवाच्या शेवटी होणारा सोंगांचा खेळ) आणि कीर्तन यांचा वाटा मोठा दिसतो. भाव्यांच्या खेळात पदे सूत्रधार आणि त्याचे साथीदार म्हणत, पात्रे आयत्या वेळी सुचेल तसे गद्य बोलत आणि राक्षस आरोळ्या ठोकत येत, हे लक्षात घेता दुसरा पक्ष अधिक पटतो: आख्यान लावणाऱ्या कीर्तनकाराशी या सूत्रधाराचे नाते जवळचे आहे. या आरोळ्यांवरूनच पुढच्या पिढीने अशा खेळांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले. भाव्यांची आख्याने 1885 मध्ये ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापली गेली, त्यामुळे पदे हाती आहेत. बोललेले गद्य मात्र बोलले तेथेच विरले.

तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके लिहिली गेली, म्हणून 1843 ला आरंभ मानू नये असाही एक पक्ष आहे. कालक्रमाने तो बिनतोड आहे. परंतु त्या नाटकांचा महाराष्ट्रातील प्रेक्षकाशी संबंध जोडता येत नाही, म्हणून प्रस्तुत विषयापुरता तो बाजूला ठेवता येतो. अधिक अडचणीचा प्रश्न 1879 आणि 1880 मधला आहे. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांचे ‘नलदमयंती’ 1879 चे, तर अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यास 31 ऑक्टोबर 1880 रोजी झाला, तोही पहिल्या चार अंकांचाच. पात्रांच्या तोंडी पदे घालण्याचा मान त्रिलोकेकरांना द्यावा, असे काही अभ्यासक आग्रहाने मांडतात. मान द्यायला हरकत नाही. पण प्रेक्षकांची सवय बदलली ती किर्लोस्करांमुळे, असेच म्हणावे लागते.

रसिकमंडळींच्या दृष्टीने हा वाद वरवर वाटतो तसा कोरडा नाही. सूत्रधारच सारे गात असे तोवर प्रेक्षक कथेविषयी आणि सोंगांविषयी बोलू शकत होता. गाणे पात्राच्या तोंडी आल्यावर ‘यंदाची शकुंतला’ आणि ‘मागची शकुंतला’ अशी तुलना सुरू झाली. शिवाय 1843 चा प्रेक्षक दरबाराचा होता. 1851 मध्ये चिंतामणराव निवर्तल्यावर राजाश्रय आटला, भाव्यांची मंडळी गावोगाव फिरू लागली आणि 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. पदरचे पैसे मोजून आलेल्या माणसाला मत असते. तेव्हा सांगलीचा आरंभबिंदू 1843 हा रंगभूमीचा म्हणून निर्विवाद ठेवूनही, नाटकावर बोलणाऱ्या मंडळींचा आरंभ 1880 नंतरच्या कंपनीकाळात, म्हणजे फिरत्या नाटक कंपन्यांच्या काळात, असावा.

या काळात सांगली परिसराने दिलेली माणसे सर्वांना ठाऊक आहेत. ‘शारदा’ (1899) आणि ‘संशयकल्लोळ’ (1916) यांचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल (1855–1916) हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. ‘मानापमान’ (1911) आणि ‘स्वयंवर’ (1916) लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (1872–1948) सांगलीचे. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व (1888–1967) यांचे नाव नागठाण्याशी जोडलेले आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांनी 1905 मध्ये मिरजेत पदार्पण केले, तेही शकुंतलेच्या भूमिकेत. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीचा (स्थापना 1918) उत्तरकाळ आणि मंगेशकर भावंडांचे काही बालपण सांगलीत गेले. ‘शारदा’ हरिपूरच्या पारावर लिहिले गेले, असे गावात आजही सांगतात. तसा लेखी पुरावा दाखवणे अवघड आहे, पण संगमेश्वराच्या दर्शनाला चिंचांच्या रस्त्याने निघालेला रसिक पाहुण्याला तो पार दाखवल्यावाचून राहत नाही, आणि एवढ्या जुन्या सांगण्याला थोडा मान द्यावा हे बरे.

मिरजेचा हिस्सा निराळ्या प्रकारचा आहे. तेथे तंतुवाद्ये बनवणाऱ्यांची घराणी आहेत. मिरजेच्या सतार व तानपुऱ्यास 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (मृत्यू 1937) येथे राहिले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. या सभेचा श्रोता आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक बराचसा एकच असल्याने मिरजकरांची नाट्यचर्चा कथानकावरून लवकर सुरांवर घसरते. सांगलीकर ‘भूमिका कशी झाली’ विचारतो, मिरजकर ‘तंबोरे लागले होते का’ विचारतो, असा एक विनोद केला जातो. तो अगदीच खोटा नाही.

कंपनीकाळातील प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत. ‘शाकुंतला’त पदे दोनशेच्या घरात, ‘मानापमाना’त पन्नासच्या आसपास, त्यावर वन्समोअर. बोलपटांनी 1930 नंतर कंपन्या मोडीत काढल्या आणि फिरत्या मंडळ्यांऐवजी हौशी संस्थांवर भिस्त आली. रंगभूमीची शताब्दी 1943 मध्ये सांगलीतच वि. दा. सावरकरांच्या अध्यक्षतेखाली साजरी झाली. पुढे विष्णुदास भावे नाट्यमंदिर उभे राहिले. अखिल महाराष्ट्र नाट्यविद्यामंदिर समितीतर्फे दर 5 नोव्हेंबरला देण्यात येणारे विष्णुदास भावे गौरवपदक हा मंडळींच्या वर्षातला मोठा दिवस. 2023 चे पदक प्रशांत दामले यांना मिळाले. पदक कोणाला मिळावे होते यावर पुढचे पंधरा दिवस सहज निघतात.

आजची बैठक बहुधा सकाळची. आमराईतल्या फेऱ्या संपल्यावर, गणपतीच्या देवळाबाहेर, चहाच्या गाड्यापाशी किंवा हळदीच्या पेढीवर गिऱ्हाईक नसताना ती भरते. संभाषणाला ठरावीक क्रम नसतो, पण पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो: पदे कोणती गाळली? पाच अंकी नाटक अडीच-तीन तासांत बसवायचे म्हटल्यावर कात्री लागणारच. प्रत्येकाचे एक लाडके पद असते आणि नेमके तेच गेलेले असते. नंतर नट, मग ऑर्गन, मग तबला, मग ध्वनिक्षेपकाला शिव्या. मध्येच घरचे विषय शिरतात आणि त्यांना कोणी आडकाठी करत नाही. ‘वहिनी, भामिनी बरी हो, पण धैर्यधराचा आवाज दुसऱ्या अंकात बसला. आणि तुमच्या सुनेला कितवा लागला?’ हे एका दमात बोलले जाते (भामिनी आणि धैर्यधर ही ‘मानापमाना’ची नायिका आणि नायक). गुडघ्याचे ऑपरेशन, नातवाची सहामाही, नळाला न आलेले पाणी आणि ‘संशयकल्लोळा’तल्या रेवतीचा अभिनय यांना सारखाच वेळ मिळतो. बाहेरच्याला ही भेसळ वाटेल. मंडळींना तसे वाटत नाही. प्रयोगाला न आलेल्या माणसाची चौकशी आधी होते आणि त्याला सबंध नाटक मग पदांसकट सांगितले जाते. आजारी माणसाच्या घरी जाऊन असे नाटक सांगणे ही इथली एक जुनी रीत आहे.

पट्टीचा, म्हणजे गाणारा कोणता सूर ‘सा’ धरतो याचा, प्रश्न या बैठकांत इतका येतो की त्याची फोड येथे करणे योग्य होईल. स्त्रीभूमिका पुरुष करीत होते तोवर नायक-नायिका दोघांचे आवाज पुरुषाचेच असल्याने एका पट्टीत दोघांची पदे बसवणे जड जात नसे. स्त्रिया रंगमंचावर आल्यावर ही सोय गेली. पुरुष साधारणपणे पांढरी एक ते पांढरी दोनच्या आगेमागे गातो, स्त्री काळी चार-पाचच्या आसपास (ही पेटीवरच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून पडलेली सुरांची नावे). संवादातून पदात आणि एकाच्या पदातून दुसऱ्याच्या पदात जाताना ऑर्गनवाल्याला पट्टी बदलावी लागते, आणि ती बदलल्याचे प्रेक्षकाला कळू न देणे यात त्याचे कसब असते. द्वंद्वपदात खरी कसोटी लागते. मधली पट्टी धरली तर नायिकेचा खर्ज (खालचे सूर) ऐकू येत नाही आणि नायकाच्या तारषड्जाला (वरच्या ‘सा’ला) शिरा ताणतात. यावर एक तोड म्हणजे नायकाचा मध्यम (म) तो नायिकेचा षड्ज (सा) मानून चाल फिरवणे. राग टिकवून हे करणे सर्वांना जमत नाही. हौशी प्रयोगात ऑर्गनवाला बदलीचा असला की हा सांधा उघडा पडतो. मंडळींतले जाणकार पडदा पडण्याआधीच एकमेकांकडे पाहतात. जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून ‘गंधर्वांची पट्टी’ ठरवण्याचे प्रयत्नही होतात. मात्र त्या तबकड्या कोणत्या वेगाने वाजवायच्या हाच मुळात प्रश्न असल्यामुळे अशा निष्कर्षांवर फार विसंबू नये.

सांगलीत व्यावसायिक संगीत नाटकाचे प्रयोग मोजकेच होतात. देवल स्मारक मंदिरासारख्या स्थानिक संस्थांचे प्रयोग आणि राज्य शासनाची हौशी संगीत नाट्यस्पर्धा यांवर भूक भागवावी लागते. बाकी वेळी मंडळी बाहेरगावी जातात. चौघे-पाच जण मिळून गाडी ठरवतात, जाताना नृसिंहवाडीला दत्तदर्शन उरकतात, डब्यात दशम्या आणि पिशवीत भडंग असते. कोल्हापूर सर्वांत सोयीचे, पण तेथील केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती. सांगलीतल्या बैठकांत त्या सकाळी नाटकाविषयी कोणी फारसे बोलले नाही, असे सांगतात. सांगलीला आगीपेक्षा पाण्याची धास्ती अधिक. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, गावभागासह अर्धे शहर पाण्याखाली होते. पुढचे काही महिने नाटकाचा विषय निघाला तरी तो ‘तुमच्याकडे कुठवर आलं होतं’ यावरच जाऊन थांबे.

नव्या नाटकांबद्दल मते दुभंगलेली आहेत. ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) आता जुन्यांत जमा झाले असून त्यावर भांडण उरलेले नाही. ‘संगीत देवबाभळी’ (2017) हे दोनच स्त्रीपात्रांचे नाटक आले तेव्हा त्यातील अभंगांना ‘नाट्यसंगीत’ म्हणावे काय, असा प्रश्न ज्येष्ठांनी काढला. तरुणांनी तो मनावर घेतला नाही आणि दुसऱ्यांदा तिकिटे काढली. ‘मानापमान’वरील चित्रपट जानेवारी 2025 मध्ये आला तेव्हा जुनी चाल किती ठेवली याचा हिशेब करायला काही मंडळी वही घेऊन गेली होती. मोबाइलवरच्या गटांमुळे बैठक आता मध्यंतरातच सुरू होते. शुभ सकाळच्या फुलांमध्ये नांदीची ध्वनिफीत येते, तिच्याखाली कोणाच्या तरी बारशाचे आमंत्रण.

स्त्रियांच्या गटांविषयीचे लेखन त्रोटक आहे. कंपनीकाळात स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी असे आणि बालगंधर्वांचे नेसणे, दागिने, केशरचना घरोघर उचलली जात, एवढे सर्वत्र नमूद असते. आज भिशीच्या पैशांतून एकत्र तिकिटे काढण्याची पद्धत रूढ आहे. दुपारचा प्रयोग, मधल्या रांगा आणि परत येताना रिक्षा ही त्यांची पसंती. अशा गटांत नाटक निवडताना कलावंत कोण यापेक्षा प्रयोग किती वाजता सुटतो हे आधी विचारले जाते.