हिंडलग्याचं रजिस्टर: जात लिहिली, भाषा राहिली

बेळगावजवळचं हिंडलग्याचं मध्यवर्ती कारागृह १९२३ सालचं, म्हणजे हा मुलूख मुंबई इलाख्यात होता तेव्हाचं. कैदी आत आला की नाव, बापाचं नाव, वय, अंगावरच्या ओळखीच्या खुणा आणि धर्म-जात लिहून घ्यायची, ही रीत इंग्रजांची. जात विचारली जायची ती नुसत्या मोजदादीसाठी नव्हे. स्वयंपाकाला कोण लावायचा आणि संडास सफाईला कोण, हेही त्यावर ठरायचं. स्वातंत्र्यानंतर कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमांत हा प्रकार तसाच चालू राहिला.

काही जमातींच्या बाबतीत तर गुन्हा घडायचीही वाट पाहिली गेली नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. मग विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर इथे कुटुंबंच्या कुटुंबं वसाहतींत डांबली गेली आणि त्यांची हजेरी सुरू झाली. सोलापुरात त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, पण ‘सराईत गुन्हेगार’ हा शिक्का मागे राहिला. पोलिसांचा संशय अजून त्याच वस्त्यांकडे आधी वळतो, हे सीमाभागातल्या कुठल्याही पारध्याला विचारावं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९९५ पासून तुरुंगांची आकडेवारी वेगळी छापतो. त्यात धर्म आहे, अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास आहेत, शिक्षण आहे, मातृभाषा नाही. कैदी कुठला, याचे तीनच कप्पे: त्याच राज्यातला, परराज्यातला, परदेशी. आता गंमत बघा. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, मग कोल्हापुरात गेला. त्यामुळे हिंडलग्यात एका बराकीत असलेला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा मराठी कैदी ‘राज्यातला’ आणि चंदगडचा ‘परराज्यातला’. दोघांची बोली एक, सोयरीकही एकमेकांकडे.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगातली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितलं. उशिरा का होईना, बरं झालं.

भाषेचं मात्र उलट आहे. तिची नोंद कैद्याच्या कामाची. आरोपीला कळेल अशा भाषेत साक्ष उलगडून सांगावी, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ मध्येही होतं, आणि सीमाभागात आरोपपत्र तर कन्नडमध्येच हाती पडतं. सरकारी परिपत्रकं मराठीत द्या, ही इथली जुनी मागणी. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथे ती द्यावीत, या नियमावर ती उभी आहे, आणि टक्का मिळतो जनगणनेतून. तुरुंगातल्या मराठी कच्च्या कैद्यासाठी दुभाषा मागणाऱ्या वकिलाकडे असा आकडा नसतो. तो एकेका कैद्यापुरता अर्ज करत राहतो.