आयोडाइड आणि आयोडेट: फरक नेमका कुठे पडतो?

मिठाच्या पाकिटावर ‘पोटॅशियम आयोडेट’ असतं, औषधाच्या बाटलीवर ‘पोटॅशियम आयोडाइड’. नावं इतकी सारखी की एकाच्या जागी दुसरं सर्रास वाचलं जातं. मग हमखास प्रश्न येतो: यातलं खरं आयोडीन कुठलं? खरं तर दोन्ही. आयोडीनच्या अणूने एक इलेक्ट्रॉन जास्तीचा घेतला की आयोडाइड होतो. त्याच अणूला ऑक्सिजनचे तीन अणू चिकटले की आयोडेट.

वजनात आयोडाइड सरस. पोटॅशियम आयोडाइडमध्ये सुमारे 76 टक्के आयोडीन असतं, पोटॅशियम आयोडेटमध्ये 59. पण आयोडाइड टिकायला कच्चं. दमट हवा, ऊन किंवा अशुद्ध मीठ मिळालं की त्याचं साधं आयोडीन होतं आणि ते उडून जातं. आयोडेट अशा हवेतही तग धरतं, म्हणून उष्ण-दमट प्रदेशांत मिठासाठी तेच निवडतात.

पोटात गेल्यावर मात्र आयोडेटचं आयोडाइड होतं, आणि थायरॉइडच्या पेशी आत ओढून घेतात तेही आयोडाइडच. त्यापासूनच थायरॉक्सिन हे हार्मोन बनतं; त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू. प्रौढ माणसाची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम आणि ती मोजताना आयोडीन मोजायचं, क्षार नव्हे. थोडक्यात, आयोडेट प्रवासाला चांगलं, कामाला आयोडाइड.

मातीत हे जास्त गुंतागुंतीचं होतं, आणि मला तरी गंमत तिथेच वाटते. जमिनीतलं बरंचसं आयोडीन खडकातून नव्हे, समुद्रातून येतं: पाण्यातून हवेत, हवेतून पावसात, पावसातून मातीत. हवा खेळती आणि माती अल्कधर्मी असेल तर ते आयोडेट म्हणून राहू शकतं; आम्ल किंवा पाणथळ जमिनीत आयोडाइडचं पारडं जड होतं. भाताच्या खाचरात पाणी साचलं की ऑक्सिजन संपतो आणि मातीने धरून ठेवलेलं आयोडीन आयोडाइड होऊन पाण्यात उतरतं. जपानमध्ये काही नव्याने खाचर केलेल्या जमिनींत ते इतकं सुटलं की भाताला ‘अकागारे’ नावाचा रोग झाला. तीच माती कोरडी असती तर पिकाला काही झालं नसतं. म्हणजे परीक्षणात एकूण आयोडीन भरपूर दिसलं, तरी पिकाला किती मिळेल हे त्यावरून सांगता येत नाही. लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं आणि सेंद्रिय पदार्थ बरंचसं अडकवून ठेवतात.

नुसत्या द्रावणात वाढवलेल्या रोपांची मुळं आयोडाइड लवकर शोषतात, आणि जास्त झालं तर त्याचा अपायही आधी दिसतो. कुठल्याही रूपात घेतलं तरी ते पाण्याबरोबर वर पानांत जातं. दाण्यांत फारसं पोचत नाही. त्यामुळे धान्याकडून फार अपेक्षा नको.

1990 च्या दशकात चीनमधल्या शिनजियांगच्या होतान भागात मिठाची वाट न पाहता सिंचनाच्या पाण्यातच पोटॅशियम आयोडेट ठिबकवलं गेलं. माती, पिकं, जनावरं, माणसं, सगळ्यांचं आयोडीन वाढलं, बालमृत्यू घटले.

जनावरांच्या खुराकात कॅल्शियम आयोडेट घालतात, तेही टिकतं म्हणूनच. गाभण मेंढीला आयोडीन कमी पडलं तर कोकरं गलगंड घेऊन, अपुऱ्या लोकरीची किंवा मेलेली जन्मतात. पण खुराकात आयोडीन पुरेसं असूनही गलगंड दिसला तर चारा तपासावा. कोबी-मोहरीच्या कुळातल्या चाऱ्यातून तयार होणारं थायोसायनेट आयोडाइडच्या थायरॉइडमध्ये शिरण्याच्या वाटेवरच आडवं येतं. तिथे आयोडीनची मात्रा वाढवून भागतं. त्याच कुळातलं गॉयट्रिन मात्र थेट हार्मोन घडण्याची क्रियाच रोखतं. तिथे आयोडाइड द्या की आयोडेट, तो चारा कमी केल्याशिवाय गत्यंतर नाही.