ब्रेलचे ठिपके युनिकोडमध्ये कसे आले

संगणकावर ब्रेल लिपी आधी आस्कीच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं यांच्या जुन्या संकेतसंचाच्या, आधाराने आली. सहा ठिपक्यांच्या सेलच्या (ब्रेलच्या एका घराच्या) ६४ रचनांना आस्कीतल्या ६४ चिन्हांशी एकास एक जोडलं गेलं. बीआरएफ ही ब्रेल छापण्यासाठीची फाइल आजही त्याच जोड्यांवर चालते. भारती ब्रेलमधलं, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमधलं, ‘सांगली’ अशा फाइलमध्ये पाहिलं तर एस, मोठेपणाचं चिन्ह (>), अर्धविराम, जी, एल आणि ९ दिसतात. एम्बॉसरवर, म्हणजे ब्रेल छापणाऱ्या यंत्रावर, मात्र शब्द बरोबर उमटतो. घोळ वर्ड प्रोसेसरमध्ये होतो. नुसत्या तिसऱ्या ठिपक्यासाठी सरळ एकेरी अवतरणचिन्ह असतं, पाचव्यासाठी दुहेरी. प्रोग्रामने ती आपणहून वळणदार केली की ती ६४ च्या यादीबाहेर जातात आणि ते सेल बिघडतात. अशी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच उघडावी.

१९९९ मध्ये युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतसंचाची ३.० आवृत्ती आली आणि आठ ठिपक्यांच्या २५६ रचनांना २८०० ते २८एफएफ ही स्वतःची जागा मिळाली. ठिपक्यांच्या किमती क्रमाने १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. ‘स’ म्हणजे ठिपके २-३-४, बेरीज १४; संकेतांक सोळाच्या पटीत लिहितात आणि त्यात १४ म्हणजे ई, म्हणून संकेतांक २८०ई. सातवा-आठवा ठिपका शेवटी धरल्यामुळे सहा ठिपक्यांच्या रचना पहिल्या ६४ जागांत सलग बसतात.

प्रश्न आहे तो पुढच्या गोष्टीचा. या रचनांना अक्षरांची नावं दिली नाहीत, ठिपक्यांची दिली. वर्गही अक्षराचा नाही, चिन्हाचा. नावांपुरता हा निर्णय बरोबरच होता. १-२-४-५ मराठीत ‘ग’, इंग्रजीत जी, अंकचिन्हापुढे ७. त्याला एकाच भाषेचं नाव देणं अन्यायाचं झालं असतं. रिकाम्या सेलचं मात्र नुकसान झालं. २८०० दिसायला मोकळी जागा, पण युनिकोडच्या लेखी ती स्पेस नाही. ओळीच्या टोकाची मोकळी जागा छाटणारा प्रोग्राम तिला हात लावत नाही, साधी स्पेस देऊन शोधलं तर ती सापडत नाही, शब्दमोजणी चुकते. काही फॉन्ट तर तिथे पोकळ वर्तुळं काढतात. त्यामुळे कुणी साधी स्पेस टाकतं, कुणी २८००, आणि दोन फाइली डोळ्यांना सारख्या दिसूनही जुळत नाहीत.

मराठीत आणखी एक अडचण आहे, १९५१ पासूनच्या भारती ब्रेलच्या क्रमाची. ‘म्हसवड’ देवनागरीत साठवताना म, हलन्त, ह असा क्रम असतो. ब्रेलमध्ये हलन्ताचा चौथा ठिपका आधी, मग म, मग ह. अक्षरागणिक बदली करणारं साधन इथेच चुकतं. सातारा-सांगलीतल्या शाळांसाठी पुस्तक करताना मूळ प्रत देवनागरीतच जपावी आणि ब्रेल फाइल दर वेळी तिच्यातूनच नव्याने काढावी. ब्रेलमधून उलट देवनागरी करताना स्वर आणि मात्रा यांना एकच सेल असल्याने प्रत्येक ओळ तपासावी लागते.