'एएमडी तापतो' हे आलं कुठून?

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यामुळे कॉम्प्युटर अपग्रेड करायचा म्हटलं की खानदेशात तापण्याचा प्रश्न लगेच निघतो, आणि प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, घेताना दुकानात ऐकू येतं: "इंटेलच घ्या, एएमडी तापतो." या बोलण्याला खरा आधार होता. पण तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा.

इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या चिप बनवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसांनी काढल्या. १९६८ मध्ये नॉइस आणि मूर यांनी इंटेल, १९६९ मध्ये जेरी सँडर्स आणि सहकाऱ्यांनी एएमडी. आयबीएमने पीसीसाठी इंटेलची चिप घेतली, पण पुरवठादार एकच नको म्हणून आग्रह धरला. म्हणून १९८२ च्या करारानं एएमडीलाही त्याच चिप बनवता आल्या. पुढच्या '३८६' चिपच्या वेळी ती बनवू देण्यात इंटेलनं हात आखडता घेतला. मग कोर्टकचेऱ्या, आणि १९९५ मध्ये तडजोड.

तापण्याची बदनामी एएमडीच्या ॲथलॉन या प्रोसेसरमुळे झाली. वेगात तो अव्वल होता. मार्च २००० मध्ये १ गिगाहर्ट्झचा टप्पा त्यानंच आधी गाठला. मात्र फार तापल्यावर स्वतःहून वेग उतरवायची सोय इंटेलच्या पेन्टियम ४ मध्ये होती, तेव्हाच्या ॲथलॉनमध्ये नव्हती. हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा वरचा धातूचा भाग, निघाली तर चिप काही क्षणांत जळायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लोकांनी याची धास्ती घेतली, यात त्यांचं काही चुकलं नाही.

पुढे मात्र पारडं फिरत राहिलं. २००४ चा पेन्टियम ४ 'प्रेस्कॉट' स्वतःच भट्टी निघाला. २००६ च्या कोअर २ डुओनं इंटेलला सावरलं. २०१३ मध्ये एएमडीचा एफएक्स-९५९० तब्बल २२० वॅटचा होता (वॅट जास्त, तितकी उष्णता जास्त), तर एएमडीचाच २०१७ चा आठ कोअरचा रायझन ७ १७०० अवघ्या ६५ वॅटचा. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे बिघडत असल्याचं समोर आलं. कंपनीला बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आणि वाढीव वॉरंटी द्यावी लागली.

म्हणून मी नाव बाजूला ठेवून वॅट बघायला सांगेन. साधा पंख्याचा कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारी चिप ४० अंशांच्या खोलीत साधारण ८५ वर जाते, मग ती कोणाचीही असो. खानदेशात ६५ वॅटचा प्रोसेसर आणि हवा खेळती ठेवणारी कॅबिनेट मला जास्त शहाणपणाची वाटते.

अपग्रेडमध्ये खर्च ठरवतो तो सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या २०१७ च्या बहुतेक बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसतो. इंटेलच्या ८व्या पिढीच्या बोर्डाची मजल ९व्या पिढीपर्यंतच. त्यापुढे बोर्डही नवा घ्यावा लागतो.