पाव टनाचा ट्रक

अमेरिकन लष्कराने जीपला जे अधिकृत नाव दिलं होतं त्यात 'जीप' हा शब्दच नव्हता. नोंद होती ती 'ट्रक, पाव टन, फोर बाय फोर' अशी. पाव टन म्हणजे वाहायचा माल, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर. १९४१ ते १९४५ या वर्षांत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून असे सहा लाखांहून जास्त ट्रक बनवले. चाळीसच्या दशकाच्या शेवटी महिंद्रने मुंबईत विलीजच्या गाड्यांची जुळणी सुरू केली आणि हा पाव टनाचा ट्रक सरकारी खात्यांपासून ऊसवाल्यांच्या बांधापर्यंत सगळीकडे पोचला.

माझ्या शेडमध्ये उभी आहे ती सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटची जीप. ते बॉनेट उंच का, ही गोष्ट आधी सांगायला हवी. युद्धातल्या जीपचं २.२ लिटरचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं होतं. आत येणारी हवा आणि बाहेर जाणारा धूर, दोन्हींचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्येच बसवलेले. हवेला वळसा घालून आत शिरावं लागे आणि ताकद ६० हॉर्सपॉवरवर थांबे. मग विलीजने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जागेवर ठेवला आणि इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला. बोअर (सिलिंडरची रुंदी) तोच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच, तरी ताकद ७५ वर गेली. पण इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ च्या सीजे-३बीचं बॉनेटच वर उचलावं लागलं. या गाडीत पहिली सुधारणा कंपनीनेच केली आणि तिची किंमत म्हणून गाडीचा चेहरा बदलला. पुढे दोन पावसाळे गाडी खोलत आणि जोडत असताना हे मला वारंवार आठवत राहिलं. जुन्या गाडीत एक गोष्ट बदलली की शेजारच्या चार हलतात.

काम सुरू होतं गंजापासून. आमच्याकडे चिपळूणला हवा वर्षातले चार महिने ओली असते. पण गंज पावसाच्या थेट माऱ्याखाली सर्वांत जास्त लागतो असं नाही. टबाचा, म्हणजे बॉडीचा, पत्रा जिथं चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर टेकतो, जिथं चिखलाचा गोळा वर्षानुवर्षं चिकटून बसलेला असतो, तिथं पत्र्याची चाळण झालेली दिसते. यामागे छान रसायनशास्त्र आहे. गंजणं म्हणजे एक छोटी बॅटरीच. लोखंडाचा एक भाग इलेक्ट्रॉन सोडून विरघळतो, दुसऱ्या भागावर पाणी आणि प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतात. चिखलाखालच्या पत्र्याला प्राणवायू कमी मिळतो, बाहेरच्या उघड्या पत्र्याला भरपूर. मग उघडा भाग इलेक्ट्रॉन घेणारा होतो आणि झाकलेला भाग देणारा, म्हणजेच खंगणारा. पाण्यात मीठ असेल तर वीज अधिक सहज वाहते आणि सगळं वेगाने घडतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून दोन पत्र्यांच्या फटीत तो साचला की पत्रे एकमेकांपासून फाकतात. वरून रंग शाबूत दिसतो आणि हातोडीची टोचणी लावली की आरपार जाते. म्हणून जुनी जीप विकत घेताना रंग पाहू नका, हातोडी घेऊन खाली झोपा.

हीच बॅटरी उलटी चालवली तर गंज निघतो. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला आणि पॉझिटिव्ह वायर एखाद्या भंगार लोखंडी पट्टीला. भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंजाचा थोडा अंश काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, बाकीचा सैल होऊन ब्रशने निघतो. चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही, हे ग्राइंडरला जमत नाही. चार गोष्टी मात्र पाळाच. हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा हे काम उघड्यावर करा आणि चार्जर बंद केल्याशिवाय वायर काढू नका. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टीलची पट्टी लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो. स्प्रिंगचे पाटे आणि कडक पोलादाचे बोल्ट या पिंपात घालायचेच नाहीत, कारण हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. बाहेर काढलेला भाग आमच्या हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होतो, म्हणून वाळवून लगेच जस्ताचा प्रायमर. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देतं. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं.

आता फोर बाय फोर. सीजे-३बीच्या फ्लोअरवर तीन दांडे असतात. एक नेहमीच्या गिअरचा, दोन ट्रान्सफर केसचे, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीचे. त्यातला एक पुढच्या चाकांना जोर देतो, दुसरा लो गिअर टाकतो. मागचा आणि पुढचा एक्सल इथं थेट दातांनी जोडले जातात, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. डांबरी रस्त्यावर याचा काय त्रास होतो ते हिशेबानेच पाहू. दोन्ही एक्सलमधलं अंतर सुमारे २.०३ मीटर. मागचा एक्सल ४.५ मीटर त्रिज्येवर फिरत असेल तर पुढचा पायथागोरसच्या नियमाने ४.९४ मीटरवर फिरतो. एक पूर्ण चक्कर मारताना मागची चाकं सरासरी २८.३ मीटर जातात, पुढची ३१. फरक २.७ मीटर, म्हणजे चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याहून जास्त. चिखलात टायर घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ते घसरत नाहीत आणि तो पीळ शाफ्ट, क्रॉस आणि गिअरच्या दातांत साठत जातो. स्टेअरिंग जड होतं आणि दांडा जागेवरून निघेनासा होतो. लोक त्याला हातोडीने मारतात. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की पीळ सुटतो आणि दांडा दोन बोटांनी निघतो.

लो गिअरची गंमत आणखी मोठी. पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केस २.४६, एक्सल ५.३८. तिन्हींचा गुणाकार केला तर साधारण ३७. इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे १५५ न्यूटन-मीटर, म्हणजे चाकांपाशी कागदावर ५,७०० च्या वर. घर्षणात पाचवा भाग गेला असं धरा, तरी ४,५०० राहतो. आता टायर किती झेलू शकतात? माणसांसकट १,३०० किलोची गाडी, कोरडा चांगला रस्ता, मूळ मापाची चाकं असं धरलं तर ३,६०० च्या आसपास चारही टायर घसरू लागतात. ओल्या जांभ्यावर त्याच्या निम्म्यातच. म्हणजे ७५ हॉर्सपॉवरचं हे इंजिन लो गिअरमध्ये चारही चाकं जागेवर फिरवू शकतं. मोठं डिझेल इंजिन बसवून चढ चढण्याची ताकद वाढत नाही, कारण मर्यादा इंजिनची नाही, मातीची आहे. मूळ रचनाकारांना हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो गिअर पडूच नये अशी अडकण त्यांनी ट्रान्सफर केसमध्ये घातली, नाहीतर एवढा जोर एकट्या मागच्या एक्सलवर आला असता.

मग सुधारणा करायची ती कुठे? माझं उत्तर ठाम आहे. आधी ब्रेक.

ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या १,३०० किलोच्या गाडीत सुमारे १.८ लाख जूल ऊर्जा असते. गाडी थांबते तेव्हा ती सगळी ड्रममध्ये उष्णता होऊन उतरते. अर्धा लिटर पाणी उकळायला जेवढी लागते तेवढी, काही सेकंदांत, नऊ इंची चार ड्रममध्ये. वेग ९० केला की ती दीडपट नाही, सव्वादोनपट होते, कारण वेगाचा वर्ग येतो. घाट उतरताना ही उष्णता तेलापर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्या तेलाची हमी फक्त १४० अंशांची. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फ्लोअरला टेकतं. त्यात जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा पंप, एकेरी. चारही चाकांना एकच तेल. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. मी सर्वांत आधी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्यानंतर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. नाला ओलांडल्यावर ड्रममध्ये अडकलेलं पाणी लायनिंगवर वंगणासारखं वागतं, उघडी डिस्क ते झटकून टाकते. जुने ड्रम उघडताना तोंडाला चांगला मास्क लावा आणि धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे.

मोठ्या टायरचा मोह सगळ्यांना होतो. मूळ चाक साधारण २८ इंचांचं. ३१ इंचांचं लावलं की तोच ब्रेक, तोच दाब, पण जमिनीवर ब्रेकचा जोर १० टक्क्यांनी कमी, कारण तरफेचा हात लांबला. एक्सलवर ताण वाढतो, पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंग पिनवर वजन येतं, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. दिसायला गाडी रुबाबदार होते हे मीही मान्य करतो, पण मी मूळ मापाचेच टायर ठेवले.

विजेचं काम स्वस्त आणि फार समाधान देणारं. सुरुवातीच्या जीपांत बॅटरी ६ व्होल्टची. ३६ वॉटच्या दिव्याला ६ अँपिअर लागतात. चासीच्या गंजलेल्या अर्थिंगमध्ये ०.२ ओहम अडथळा असेल तर ढोबळमानाने १.२ व्होल्ट तिथंच खर्च होतात, म्हणजे २० टक्के. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साडेतीन घातांच्या आसपास बदलतो, त्यामुळे २० टक्के व्होल्टेज गेलं की उजेड निम्म्यावर येतो. १२ व्होल्ट केल्यावर त्याच दिव्याला ३ अँपिअर पुरतात आणि नुकसान ५ टक्क्यांवर येतं. बल्ब, कॉइल, मीटर बदलावे लागतात. पण त्याआधी अर्थिंगची जागा घासून चकचकीत करून पाहा, अर्धा आजार तिथंच बरा होतो.

एक नवी अडचण त्या काळच्या रचनाकारांना दिसणं शक्यच नव्हतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९. नवी गाडी सेन्सरने प्रमाण सांभाळते, कार्बोरेटरला ते कळत नाही. जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारं बारीक भोक, जुनंच ठेवलं तर हवा जास्त, इंधन कमी, इंजिन गरम, उचल मंद. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पाणी शोषतं आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवून पुढे ढकलतं. पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, टाकी आतून धुतली आणि मिस्त्रींनी लेथवर एक नंबर मोठं जेट करून दिलं. प्लगचं टोक पांढरट होतं ते विटकरी झालं, तेव्हा कळलं प्रमाण जुळलं.

शेवटी कागद. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची व्हिंटेज नोंदणी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार होते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर ती नोंदणी मिळत नाही. म्हणून मी चासीला एकही नवं भोक पाडलं नाही. डिस्कचे ब्रॅकेट मूळ बोल्टांवरच बसवले. काढलेला एकेरी मास्टर सिलिंडर, पुढचे दोन्ही ड्रम आणि सहा व्होल्टचा डायनॅमो तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे, कुठून काढला आणि कुठल्या पान्याने.